क्रूझचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं

आरम नदीचं पाणी समुद्राला मिळतं ते भलामोठा वळसा घालून. आरम गिरणेला मिळते, गिरणा मालेगावावरून पुढे जळगाव जिल्ह्यात जाऊन तापीला मिळते आणि तापी उकाईचं धरण मागे टाकून सुरतेजवळ खंभातच्या आखातात उतरते. सटाण्याहून नाकासमोर पश्चिमेला गेलं तर हाच समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पण मध्ये सह्याद्री आणि डांग आडवे, म्हणून पाणी आधी पूर्वेला जातं आणि मग माघारी फिरतं. बागलाणातल्या माणसाचंही तेच. कोकणातल्या घरांत बोटीच्या आठवणी निघतात, आपल्याकडे पाटाच्या पाळीच्या निघतात.

तरी अलीकडे सटाण्यात क्रूझचा विषय बऱ्याच घरांत निघतो. शाळेतून निवृत्त झालेले दोघं, डाळिंबाने दोन बरी वर्षं दाखवलेले बागायतदार, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात असलेली घरं. सिंगापूरच्या सहलीत एक-दोन रात्री जहाजावर काढून आलेली जोडपी परतल्यावर म्हणतात, विमानतळापेक्षा हे बरं, बॅग एकदा खोलीत टाकली की टाकली. मग पुढचा विचार येतो: एखादं वर्ष असंच काढायचं, थोडा समुद्र, थोड्या नद्या, दोघांनीच. इथवर सगळं ठीक चालतं. पुढे मोबाइलवर जाहिराती येऊ लागतात, सवलतीची शेवटची तारीख जवळ येते आणि नियोजन तिथेच फसतं. कारण क्रूझचं वर्ष आखायचं ते भाड्याच्या तक्त्यावरून नव्हे, पाण्याच्या वेळापत्रकावरून. कोणत्या महिन्यात कुठलं पाणी जहाजाला चालू देतं हे एकदा कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात, आणि उरलेल्यांत निवड सोपी होते.

पहिला प्रश्न वर्ष कधीपासून धरायचं हाच. आपलं वर्ष पाडव्याला, सरकारचं १ एप्रिलला, पाटबंधारे खात्याचं १ जुलैला. क्रूझचं वर्ष मुंबईहून धरायचं तर ऑक्टोबरपासून धरावं. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून सरळ आपल्या किनाऱ्यावर येतात. हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावर वारा एकाच दिशेने वाहत राहिला की लाटा नुसत्या उंच होत नाहीत, लांबही होतात, आणि मोठं जहाजसुद्धा त्यांच्यावर तासन्‌तास डुलत राहतं. मालवाहू जहाजं ते सोसतात. सुट्टीवर आलेल्या माणसाने कशासाठी सोसायचं? म्हणून मुंबईहून फिरणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ पावसाळ्यात मुक्काम हलवून चेन्नईला जातं आणि तिकडून श्रीलंकेच्या फेऱ्या करतं. नैर्ऋत्य वारा अडवायला त्या बाजूला अख्खा भारत उभा असतो. हे जहाज १९९० सालचं, आधी अमेरिकन कंपनीकडे असलेलं, सुमारे आठशे खोल्यांचं. सप्टेंबर २०२१ पासून ते भारतीय प्रवाशांसाठी फिरतंय.

ऑक्टोबर ते सप्टेंबर असं वर्ष धरलं की त्याचे भाग कसे पाडायचे हे बागलाणात कुणाला शिकवायला नको. मोसम आणि आरम या नद्यांवरच्या जुन्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत चालत आली आहे. बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या थळाचे फड पाडायचे, एका फडात त्या साली एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कमी दिसलं तर एखादा फड सरळ पडीक ठेवायचा. क्रूझच्या वर्षाचेही चारच फड पाडावेत: पावसाळा सरल्यावरचा समुद्र, थंडीतली नदी, उन्हाळ्याच्या शेवटी परदेशातली नदी आणि पावसाळ्यातलं दूरचं पाणी. यातला एक पडीक ठेवायची तयारी असली तर बाकीचे तीन नीट पिकतात. चारही घेऊ, पाचवाही काढू म्हणणारी जोडपी वर्षाच्या शेवटी थकलेली दिसतात आणि कुठलं देऊळ कुठल्या नदीवर होतं यावर वाद घालतात.

या चार फडांवर घरचं वेळापत्रक चढवावं लागतं, आणि ते घरोघरी वेगळं. अर्ली द्राक्षवाल्यांची छाटणी जून-जुलैत आणि काढणी नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे दिवाळीनंतरचा निवांत समुद्र त्यांच्या नशिबी नाही. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लागतो, मार्च-एप्रिलात निघतो. कांदा चाळीत जाईपर्यंत घर सोडता येत नाही. मार्गशीर्षात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा असते, तेव्हा सटाण्याच्या घरात पाहुणे येतात, घरची माणसं बाहेर जात नाहीत. आखाजीला लेकी माहेरी येतात. त्यानंतर मे महिनाभर लग्नं, आणि भाच्याच्या लग्नाला ‘आम्ही तेव्हा जहाजावर होतो’ हे कारण कुणी ऐकून घेणार नाही. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांवर ठेवली की फेब्रुवारी, जूनचा उत्तरार्ध, ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या अखेरचे काही दिवस एवढेच मोकळे उरतात. पेन्शनवाल्यांना याहून थोडं जास्त.

पण कुठलंही मोठं बुकिंग करण्याआधी एक लहानसा प्रयोग करावा, आणि तो सटाणेकरांच्या अगदी हाताशी आहे. सुरतेजवळ हजिरा, तापीच्या मुखाजवळच. तिथून आखात ओलांडून भावनगरजवळच्या घोघ्याला नोव्हेंबर २०२० पासून रो-पॅक्स फेरी जाते. रस्त्याने आखाताला वळसा घालून हे अंतर सुमारे ३७० किलोमीटर. पाण्यावरून ते नव्वदवर आलं आणि दहा-बारा तासांचा प्रवास चारेक तासांचा झाला, असं सेवा सुरू करताना सांगण्यात आलं होतं. सुरुवातीला लावलेल्या ‘व्हॉयेज सिम्फनी’ जहाजाच्या खालच्या डेकवर तीस ट्रक, त्याच्या वर शंभर मोटारी आणि सर्वांत वर पाचशे माणसं मावतील अशी रचना होती. याला क्रूझ म्हणता येणार नाही. ट्रकचे ड्रायव्हर, लग्नाला निघालेली सौराष्ट्रातली कुटुंबं, डब्यातले ठेपले, आणि खाली गढूळ पाणी. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी आत घुसताना चढत जातं. भावनगरकडे भरती आणि ओहोटी यांतला फरक दहा मीटरच्या वर जातो. या चार तासांत दोन गोष्टी कळतात. दोघांपैकी कुणाला बोट लागते, आणि चहूकडे नुसतं पाणी दिसत असताना दुसऱ्याला कंटाळा येतो का. तिकिटाच्या पैशात एवढी माहिती दुसरीकडे कुठे मिळणार नाही. जाण्याआधी फेरीचं चालू वेळापत्रक मात्र बघून घ्यावं.

बोट लागणं म्हणजे पोट बिघडणं नव्हे. कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो की आपण हलतोय, आणि समोर खोलीची भिंत बघणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळ सुरू होते. उपायही त्यातूनच निघतात. उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत राहायचं, म्हणजे डोळे आणि कान एकच सांगू लागतात. खोली घ्यायची ती जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर, कारण नाळ आणि मागचं टोक सर्वांत जास्त वर-खाली होतं आणि वरचे मजले बाजूला जास्त कलतात. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते फिरून हा कल कमी करतात. सप्तशृंगीच्या किंवा सापुताऱ्याच्या घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्यावी. यातल्या काही गोळ्या काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना चालत नाहीत.

प्रयोग जमला की पहिला फड, मुंबईचा. जहाज बॅलार्ड पिअरवरून सुटतं. एकेकाळी विलायतेच्या बोटी इथेच लागायच्या. आता तिथे नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं राहिलंय, २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मुंबई–गोवा ही दोन-तीन रात्रींची फेरी पहिलटकरांची. जहाजावर गर्दी, संगीत, पोहण्याचा तलाव, रात्री उशिरापर्यंत गोंगाट. शांतता हवी असलेल्या जोडप्याने शनिवार-रविवार टाळून मधल्या वारांची फेरी धरावी, माणसंही वेगळी भेटतात. लक्षद्वीपची फेरी माझ्या मते जास्त मोलाची. ही बेटं प्रवाळाची, भोवती उथळ खाजण, त्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं लहान होड्यांनी बेटावर नेतात. जहाजाच्या पोटातल्या दारातून हलत्या होडीत पाय टाकायचा असतो. खलाशी दोन्ही दंड धरतो, ‘आता’ म्हणतो, तेव्हाच उतरायचं. गुडघ्यांचं दुखणं असेल तर हे आधी माहीत असावं. समुद्र खवळला की हे उतरणंच रद्द होतं आणि त्याबद्दल कुणी भरपाई देत नाही. बेटांवर जायला परवाना लागतो, तो साधारणपणे कंपनीमार्फत होतो. आपण कागद वेळेत द्यायचे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रात वादळांचाही काळ आहे, तसाच मे-जून. तिकिटाच्या अटींत एक कलम सगळ्याच कंपन्यांचं असतं: हवामानामुळे मार्ग किंवा बंदर बदलण्याचा हक्क जहाजाचा. हे वाचून सही करावी आणि मग कुरकुर करू नये. वादळातून वाट काढणाऱ्या कप्तानापेक्षा वादळ टाळणारा कप्तान केव्हाही चांगला.

सटाण्याहून बंदर गाठणं हा वेगळाच विषय. गावाला रेल्वे नाही. मनमाड किंवा नाशिकरोड गाठायचं, नाहीतर गाडीने कसारा घाट उतरायचा. जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच चढणं बंद होतं आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम, यावर दोघांत वाद नको.

दुसरा फड थंडीतल्या नदीचा, आणि क्रूझमधला हाच प्रकार बागलाणातल्या माणसाला सर्वांत जवळचा वाटेल असं मला वाटतं. नदीवरच्या जहाजात हजारो माणसं नसतात. वीस, चाळीस, युरोपात फार तर दोनशे. दोन्ही काठ दिसत राहतात. शेतं दिसतात, मोटारी दिसतात, पिकाला पाणी दिलंय की नाही तेही दिसतं. बहुतेक नदीजहाजांवर ना जुगार ना नाचगाणी. रात्री नऊला सामसूम.

भारतात या विषयाची चर्चा झाली ती ‘गंगा विलास’मुळे. १३ जानेवारी २०२३ रोजी हे जहाज वाराणसीहून निघालं आणि बांगलादेशातून वळसा घालून २८ फेब्रुवारीला आसामात दिब्रुगडला पोचलं. सहल ५१ दिवसांची म्हणून जाहीर झाली होती, अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर, वाटेत २७ नद्या. लांबी ६२ मीटर, खोल्या १८, प्रवासी ३६. पहिल्या फेरीत बहुतेक पर्यटक स्विस होते. तेव्हा जाहीर झालेलं भाडं दिवसाला माणशी २५ ते ५० हजारांच्या दरम्यान. दोघांचा ५१ दिवसांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. या जहाजाचा लक्षात ठेवण्यासारखा आकडा मात्र वेगळाच आहे: १.४ मीटर. जहाजाचा एवढाच भाग पाण्याखाली असतो. साडेचार फूट पाण्यात तरंगेल असं जहाज बांधावं लागलं, कारण थंडीत गंगा उथळ होत जाते. पहिल्याच फेरीत बिहारमध्ये छपऱ्याजवळ जहाज रुतल्याची आवई उठली. अधिकाऱ्यांनी खुलासा केला की जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं आहे आणि पर्यटकांना लहान होड्यांतून चिरांदचं प्राचीन स्थळ दाखवायला नेलंय.

उथळ नदीत जहाजाची वाट कशी राखतात हे बघण्यासारखं असतं. गंगेवर आणि ब्रह्मपुत्रेवर ‘बंडाल’ लावतात. पात्रात बांबू रोवायचे, त्यांना बांबूच्या चटया बांधायच्या आणि हा पडदा प्रवाहाशी तिरका उभा करायचा. पृष्ठभागाजवळचं पाणी पडद्याला अडून मधल्या वाटेकडे वळतं आणि तिथला गाळ खरवडून नेतं. पडद्याखालून जाणारं पाणी मागे मंदावतं, तिथे वाळू साचते. असे बंडाल ओळीने लावले की काही दिवसांत मधली वाट हात-दोन हात खोल होते. ना यंत्र, ना सिमेंट. पुढच्या पुरात सगळं वाहून जातं आणि पाणी उतरलं की पुन्हा लावतात. फडाच्या चाऱ्या ज्यांनी काढल्या आहेत त्यांनी डेकवर उभं राहून हे जरूर बघावं. शेजारचे परदेशी पाहुणे पक्षी शोधत असतील.

गंगेच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, मनमाडहून वाराणसीला जाणाऱ्या गाड्याही तिकडे पोचताना रखडतात. म्हणून फेब्रुवारी निवडला तर माझं मत ब्रह्मपुत्रेला. धुबरी ते सदिया हा ८९१ किलोमीटरचा पट्टा १९८८ पासून राष्ट्रीय जलमार्ग आहे. त्यावर ‘महाबाहू’सारखी तेवीस खोल्यांची जहाजं हिवाळ्यात आठवडाभराच्या फेऱ्या करतात: माजुली बेटावरची वैष्णव सत्रं, काझीरंगातले गेंडे, चहाचे मळे. थंडीत नदीचे अनेक फाटे होतात आणि मध्ये वाळूची बेटं उघडी पडतात. वाट रोज बदलते, म्हणून जहाज अंधारात चालवत नाहीत. दिवस मावळला की वाळूच्या काठाला जहाज बांधायचं आणि तिथेच रात्र. पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटरवर भागत नाही.

परदेश आधी करायचा असेल तर याच दिवसांत नाईल. आस्वान ते लक्झर हा सव्वादोनशे किलोमीटरच्या आतला पट्टा, तीन-चार रात्री, वाटेत कोम ओम्बो आणि एडफूची देवळं, एस्नाला जहाज वर-खाली करणारं लॉक, आणि दोन्ही काठांना ऊस. आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं आणि नाईलचा पूर कायमचा थांबला. त्यामुळे इथे जहाजाचा हंगाम पाण्यावर नाही, उन्हावर ठरतो. ऑक्टोबर ते एप्रिल ठीक, पुढे भट्टी. कोम ओम्बोच्या देवळात नाईलची उंची मोजण्याची जुनी विहीर आहे. पूर किती चढला यावरून त्या साली पीक किती आणि सारा किती हे ठरायचं. आणेवारीवर भांडलेल्या माणसाने त्या विहिरीत जरा वाकून बघावं. आपल्या देवमामलेदारांसारखा दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणारा मामलेदार मात्र त्यांच्याकडे होता की नाही, गाइडला विचारून बघायला हरकत नाही.

तिसरा फड जूनच्या उत्तरार्धातला. कांदा चाळीत गेलाय, लग्नं आटोपली आहेत. अर्ली द्राक्षवाल्यांनी हा महिना विसरावा, छाटणीच्या वेळी मालक डॅन्यूबवर असून चालत नाही. बाकीच्यांना डॅन्यूबसारखी दुसरी नदी नाही. लांबी २,८५० किलोमीटर, दहा देश, आणि जहाज लागतं ते थेट शहराच्या मध्यात. पासाऊ, व्हिएन्ना, ब्राटिस्लाव्हा, बुडापेस्ट. जहाजाची रुंदी बहुतेक ठिकाणी ११.४ मीटर, कारण वरच्या अंगाची लॉक १२ मीटर रुंद असतात. दोन्ही बाजूंना मिळून हातभर जागा. जहाज आत शिरतं, मागचं दार बंद होतं, आणि खोलीच्या खिडकीसमोर ओल्या काँक्रीटची भिंत येते, इतकी जवळ की हात लावावासा वाटतो (लावू नये). मग झडपा उघडतात, वरच्या अंगाचं पाणी आपल्या वजनाने खाली भरत जातं आणि जहाज हळूहळू चढतं. पंप लागत नाही. मेन नदी आणि डॅन्यूब यांना जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला. त्यावरच्या सर्वांत उंच लॉकमध्ये जहाज एका दमात जवळजवळ पंचवीस मीटर चढतं, म्हणजे आठ मजले. पूल ठेंगणा आला की डेकवरच्या छत्र्या मिटतात आणि सुकाणूघर यंत्राने खाली बसवतात.

या नदीचीही खोड आहे. सप्टेंबर २०२४ च्या पुरात काही जहाजं व्हिएन्नाला अडकून पडली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये उलट झालं: पाणी इतकं आटलं की सर्बियात प्राहोव्होजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या बुडालेल्या जर्मन नौका उघड्या पडल्या. अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने उथळ पट्टा ओलांडून पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर चढवतात. खोलीचा नंबर तोच, जहाज वेगळं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा धोका जास्त, जूनमध्ये आल्प्सच्या बर्फाचं पाणी नदीत असतं. जून निवडण्याचं हे दुसरं कारण.

व्हिसाचं गणित जोडप्याने आधी शिकावं. शेंगेन देशांत १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. पासाऊ ते बुडापेस्ट सगळं शेंगेनमध्ये, पण जहाज पुढे बेलग्रेडला गेलं की आपण शेंगेनबाहेर पडतो, परत आत यायला मल्टिपल एंट्री लागते. समुद्रावरच्या फेरीतही तसंच: इटलीहून निघून तुर्कस्तानला जाऊन ग्रीसमध्ये परतलं तर दोनदा प्रवेश झाला. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझलाही हाच नियम लक्षात ठेवावा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालू हवा. नसेल तर आधी नाशिकचं पासपोर्ट सेवा केंद्र, मग बाकी सगळं. बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याची खेप होते, ती कांदा काढणीच्या आधी उरकून घ्यावी.

चौथा फड ऑगस्टचा. चेन्नईहून श्रीलंका, किंवा सिंगापूरहून मलाक्काची सामुद्रधुनी, जिथे दोन्ही बाजूंना जमीन असल्यामुळे पाणी बहुधा शांत. मेकाँगही याच सुमारास जागा होतो: पावसाळ्यात मेकाँग इतका चढतो की टोनले सॅप नदी उलटी वाहू लागते आणि कंबोडियातलं तळं कित्येक पटींनी पसरतं, सिएम रीपच्या बाजूला जहाजं पोचतात ती या चढत्या पाण्याच्या जोरावर, ऑगस्टपासून पुढचे काही महिने. मला विचाराल तर एखादा फड पडीक ठेवायचा तो हाच. हरणबारी आणि केळझर ही आपली धरणं भरली आहेत का हे बघायला घरी असावं.

आता पैसा. क्रूझचा सगळा धंदा जोडप्यावर बांधलेला आहे. जाहिरातीतला भाव ‘माणशी’ असतो, पण तो एका खोलीत दोघं राहतील असं धरून. एकट्याने गेलं तर त्याच खोलीला बऱ्याचदा जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. यातून एक गोष्ट निघते ती कुणी सांगत नाही: ऐनवेळी दोघांपैकी एक आजारी पडला आणि दुसरा गेला, तर त्याच्यावर जादा आकार पडू शकतो. म्हणून प्रवासविमा दोघांचा एकत्र आणि रद्द होण्याची जोखीम धरणारा घ्यावा, आणि त्यात जहाजावरून हेलिकॉप्टरने किंवा बोटीने हलवण्याचा खर्च असावा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल परदेशी दवाखान्यासारखं येतं आणि घरच्या मेडिक्लेमचा तिथे बहुधा उपयोग नसतो.

भावात जेवण-खोली येते. दारू, इंटरनेट, बंदरावरच्या सहली वेगळ्या, आणि परदेशी जहाजांवर बक्षिसी म्हणून दर रात्री माणशी १५ ते २० डॉलर खात्यात चढवतात. बाल्कनीची खोली नॉर्वेच्या खाड्यांत पैसे वसूल करते. गोव्याच्या दोन रात्रींना नाही. खोली लहानच असते, दीड-पावणेदोनशे चौरस फूट, त्यात दोघं. चाळीस वर्षांच्या संसारात एक जण शाळेत नाहीतर मळ्यात आणि दुसरं घरात असं राहिलेल्यांना हा मोठाच बदल. सकाळचे दोन तास ज्याने त्याने आपापले काढावेत, एकाने डेकवर, एकाने ग्रंथालयात.

परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंग करतानाच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, आकारतात. ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांच्या वर वीस टक्के होता, २०२५ मध्ये ही मर्यादा दहा लाखांवर नेली. हे आकडे बजेटगणिक बदलतात, बुकिंगच्या दिवशीचा विचारावा. हा खर्च नाही, विवरणपत्र भरलं की वळता होतो. पण मर्यादा लागू असेल तर ती माणशी असते, म्हणून दोघांचं बुकिंग दोघांच्या पॅनवर वेगवेगळं करावं. ज्यांचं उत्पन्न निव्वळ शेतीचं आहे आणि जे कधी विवरणपत्र भरत नाहीत, त्यांनीही त्या साली ते भरावं, नाहीतर हे पैसे सरकारजमा राहतात.

सगळ्या वर्षाचे पैसे एकाच कंपनीला आगाऊ कधीही देऊ नयेत. या धंद्यात जहाजं येतात आणि जातात. मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ २०१८ च्या ऑक्टोबरात थाटात निघाली, दोनेक वर्षांत थांबली. जलेशची ‘कर्णिका’ २०१९ मध्ये आली, २०२० मध्ये कंपनीच बंद झाली. तीन वर्षं समुद्रावरच राहायची ‘लाइफ ॲट सी’ ही फेरी नोव्हेंबर २०२३ मध्ये इस्तंबूलहून सुटणार होती. लोकांनी पैसे भरले, काहींनी घरं भाड्याने दिली, आणि ऐनवेळी कळलं की कंपनीने जहाजच घेतलेलं नाही. दुसऱ्या एका कंपनीचं असंच घरासारखं राहायचं जहाज, ‘ओडिसी’, २०२४ मध्ये दुरुस्तीपायी बेलफास्टला चार महिने अडकलं. प्रवासी बेलफास्टमध्ये फिरत राहिले. एका वेळी एकच फेरी, बाकीच्यांचे फक्त महिने ठरवून ठेवायचे.

बुकिंगचा क्रमही प्रवासाच्या क्रमाने लागत नाही. जूनची डॅन्यूब सर्वांत आधी, आदल्या ऑक्टोबरातच, कारण व्हिसा आणि चांगली खोली दोन्ही वेळ खातात. ब्रह्मपुत्रेची जहाजं लहान, म्हणून ती त्याच सुमाराला. मुंबईची फेरी सहा-आठ आठवडे आधी पुरते. हजिऱ्याचं मात्र आदल्या आठवड्यात ठरवलं तरी चालतं.